कोंडाबाईची नोंद

जन्मनोंद शोधण्याच्या अर्जाच्या शेवटच्या पानावर एक रकाना होता : ‘नमुना परत हवा आहे काय?’ शलाकाने ‘होय’वर खूण केली, तशी सरकारी प्रयोगशाळेतल्या डॉ. झेबा मुजावरांनी अर्ज आपल्याकडे ओढून घेतला.

“ताई, हे खोडावं लागेल. अर्ज जुने आहेत, छापलेले संपेपर्यंत वापरा असा हुकूम आहे. दाढ परत मिळत नाही.”

“थोडीसुद्धा?”

“पूड उरते. ती न्यायला आजवर कुणी आलेलं नाही.”

टेबलावर प्लास्टिकची डबी होती आणि डबीत आईची खालची पहिली मोठी दाढ. गेल्या मार्चमध्ये ती काढली तेव्हा आईच म्हणाली होती, “टाकू नकोस गं. अर्जाला लागेल.” अर्ज तेव्हाच करायचा होता. शलाकाने तो केला नाही. आज करू, उद्या करू म्हणत डबी कपाटात राहिली, पावसाळा गेला. पुढे हॉस्पिटलात आई डोळे उघडून विचारायची, “लागला का गं माझा नंबर?” आणि शलाका सांगायची, “रांगेत आहे.” चार वेळा सांगितलं. कॉलेजच्या ग्रंथालयात तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती. कुणाला चुकीची आवृत्ती हातात दिली गेली तरी जिवाला लागायचं, अशी ती बाई.

आई जाऊन सात आठवडे झाले होते. अस्थी नदीत सोडल्या होत्या. देहाचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं.

तिने ‘होय’ खोडलं.

आईला नुसती तारीख हवी होती असं नाही. तारखेची तर ती चेष्टाच करायची. शाळेच्या दाखल्यावर तिचा जन्म एक जूनचा होता आणि तिच्या वर्गातल्या एकोणतीस पोरांचाही एक जूनचाच. शाळेत घालताना आईबापांना जन्मतारीख सांगता येत नसे, मग गुरुजी मुलाच्या तब्येतीकडे बघून साल ठरवायचे आणि पुढे एक जून लिहून मोकळे व्हायचे. झेबाही म्हणाली होती, “आमच्याकडे येणाऱ्या अर्ध्या लोकांचा वाढदिवस एक जूनला. केक आणायचा म्हटलं तर जिल्ह्याला पुरायचा नाही.” आई स्वतः शिक्षिका झाल्यावर मात्र तिने एकाही मुलाला एक जून लावला नाही. ती घरी जायची, आयांना विचारत बसायची, की बाई, शेतात तेव्हा काय उभं होतं, कुठला सण जवळ होता, थंडी पडली होती का.

तिला स्वतःविषयी विचारायचं होतं ते वेगळंच. लग्नात नाव बदलून ती कुमुद झाली, पण माहेरचं तिचं नाव कोंडाबाई. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथलं नवं मूल सुपात घालून दुसऱ्या बाईच्या ओटीत द्यायचं आणि पसाभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं, म्हणजे हे मूल या घरचं नव्हेच अशी मरणाची समजूत होते. ही जुनी रीत. अशा मुलांना कोंडिबा, कोंडाबाई म्हणायचं. रीत म्हणून त्यात कुणाला काही वाटत नसे. पण आई सात वर्षांची असताना आळीतली एक बाई भांडणात बोलून गेली, “तू काय भागीच्या पोटची न्हाईस. मान्यांची हाईस. तुला खरोखरच इकत घेतलीया.”

भागी म्हणजे भागीरथी, शलाकाची आजी, तिथेच उभी होती. तिने त्या बाईला शिवी दिली नाही. पोरीला जवळ घेऊन ‘खोटं आहे’ म्हणाली नाही. कळशी उचलून पाण्याला निघून गेली. ते गप्प राहणं आई विसरली नाही. आजोबा गेल्यावर आजी शिरळवाडीत अकरा वर्षं एकटी राहिली. आई सणावाराला लुगडं पाठवायची, पण तिला घरी आणलं नाही. आजीला शेवटचं पाणी शेजारच्या मान्यांच्या सुनेने पाजलं.

“तिथं माझं कोण आहे?” आई म्हणायची. शलाकाने अर्ज लांबवला तो म्हणूनच. नसतंच कुणी, असं सरकारी शिक्क्यानिशी निघालं तर आजारी बाईला ते कसं सांगायचं?

गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या वह्या सरकारने यंत्राला वाचायला दिल्या त्याला आता सहा वर्षं झाली होती. वाळवीने खाल्लेली, पाण्याने चिकटलेली पानंही यंत्र वाचत असे. अडचण निराळी होती. कोतवालाच्या त्या वह्यांत मुलाच्या नावाचा रकानाच नव्हता. बापाचं नाव, तारीख, मुलगा की मुलगी, संपलं. शिरळवाडीच्या वहीत श्रीपती लोहार, म्हणजे आजोबा, यांच्या नावावर तीन नोंदी सापडल्या. एकोणसाठ साली मुलगी, एकसष्ट साली मुलगी, त्रेसष्ट साली मुलगी. मृत्यूच्या वहीतही तीन. एकीनेही चाळीस दिवस पाहिले नव्हते. चौथी नोंद नव्हती. चौथी म्हणजे आई.

रक्त जुळवून पाहायला आजीच्या बाजूचं कुणी उरलं नव्हतं. तिचं माहेर मालवणच्या बाजूला. मामाने घाटावरचं स्थळ पाहून तिला उजवली आणि पुन्हा वळून पाहिलं नाही. आजोबा एकुलते एक. उरली ती दाढ.

झेबा चाळिशीची, भरभर बोलणारी बाई होती. समजावून सांगायची वेळ आली की मात्र सावकाश बोलायची.

“दाताचं पांढरं कवच रोज थोडं थोडं चढतं, जमीन रोज सारवावी तसं. एका दिवसाचा एक थर, केसाच्या विसाव्या भागाएवढा. एकदा चढला की शरीर त्याला पुन्हा हात लावत नाही. हाडं बदलतात, कातडी बदलते, हे तसंच राहतं. ही दाढ तोंडात दिसते सहाव्या वर्षी, पण घडायला लागते आईच्या पोटातच, शेवटच्या दिवसांत. म्हणून तिच्यात जन्माची रेषा असते. पहिल्या श्वासाचा धक्का म्हणा.”

“म्हणजे दिवस मोजता येतात. पण तारीख?”

“त्यासाठी तारीख माहीत असलेली दुसरी एक रेषा लागते. तुमच्या खोऱ्याला ती मिळाली आहे. सदुसष्ट सालचा कोयनेचा भूकंप. अकरा डिसेंबर, पहाट. त्या वेळी त्या भागात जी मुलं दोन-तीन वर्षांची होती, त्या सगळ्यांच्या दाढेत एक काळसर रेषा आहे आणि तिच्यामागे बारीक रेषांची गर्दी. धक्के थांबतच नव्हते, माणसं थंडीत उघड्यावर निजत होती. मुलांच्या अंगानं ते लिहून ठेवलंय. त्या रेषेपासून मागे मोजत जायचं, जन्माच्या रेषेपर्यंत.”

बारा दिवसांनी झेबाने बोलावलं. सातशे बावन्न थर निघाले होते. जन्म एकोणीस नोव्हेंबर एकोणीसशे पासष्ट, फार तर दोन दिवस मागेपुढे. दाढेतल्या खनिजांवरून गावही जुळत होतं. शिरळवाडीच्या वहीत त्या अख्ख्या महिन्यात एकच जन्म होता.

वीस नोव्हेंबर. येसू बाबा माने. मुलगी.

शलाकाने ते नाव तीनदा वाचलं. वळणदार अक्षर होतं, कुठेही खाडाखोड नव्हती.

“म्हणजे ती बाई खरं बोलत होती,” ती म्हणाली.

“वहीत काय आहे ते मी दाखवलं. कोतवालाला जे सांगितलं जातं ते वहीत उतरतं.” झेबाने संगणकाचा पडदा बंद केला. “अर्जापुरतं काम झालंय. प्रत घेऊन जाऊ शकता. पण खरं-खोटं बघायचं असेल तर दोन वाटा आहेत. मान्यांच्यात कुणी हयात असेल तर त्यांची थुंकी आणा, एका दिवसात कळेल. दुसरी वाट दाढेचीच आहे, पण त्यात तिचं काही राहणार नाही. आधी थुंकीचं बघा.”

शिरळवाडीला आता बावीस घरं होती आणि डोंगराच्या कडेला दीडशे पवनचक्क्या. येसू मान्यांचा मुलगा हणमंत ब्याऐंशी वर्षांचा होता. अंगणात बाजेवर बसून तो कानातल्या यंत्राशी भांडत होता.

“कोन म्हनायचं?”

“मी शलाका. कोल्हापूरहून आले. कोंडाबाईची मुलगी.”

“कोंडीची?” म्हातारा ताडकन सरळ झाला. “वैशे, च्या टाक! भाची आलीया. अन् खरी साखर घाल, तुझी ती गोळीची नगं.” मग शलाकाच्या मागे रस्त्याकडे बघत म्हणाला, “कोंडी कुठाय? गुडघं धरलं व्हय तिचं?”

शलाका बाजेच्या कडेला बसली. “आई गेली, मामा. दोन महिने झाले.”

त्याने कानातलं यंत्र काढलं, हातात धरून बघितलं आणि पुन्हा कानात घातलं, जसं काही ऐकण्यात चूक झाली असेल. वैशालीने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

“पाठची भन हुती माझी,” तो शेवटी म्हणाला. “आई दर दिवाळीला तिचा खण काढायची. आईमागं म्या काढतुया. ती येत न्हवती, तरी काढायचा. ट्रंक भरलीया बघ.”

“मामा, ती तुमच्या आईच्याच पोटची का?”

“आमचीच.”

तो लगेच म्हणाला. तिने पिशवीतून काचेची नळी काढली आणि काय करायचं ते सांगितलं.

“आरं तिच्या! आता थुकून भन ठरवायची?”

“खात्री होईल.”

“मला हाय की खात्री.”

“आईला नव्हती, मामा. जाईपर्यंत नव्हती.”

त्याने नळीकडे पाहिलं नाही. डोंगरावरच्या पवनचक्क्यांकडे बघत म्हणाला, “ठेव ती पिशवीत. म्या न्हाई देनार.”

निघताना त्याने वैशालीकडून तिला ओवाळून घेतलं, रिकामी पाठवली नाही. पण नळी रिकामीच परत आली.

“आता दाढ,” शलाका झेबाला म्हणाली.

झेबाने तिला बसवलं. “नीट ऐका, मग सही करा. पोटातल्या मुलाला दात घडवायला जे लागतं त्यातलं बरंचसं आईच्या हाडांतून उतरतं. आणि आईची हाडं घडतात तिच्या लहानपणी, तिच्या गावच्या पाण्यावर. आपला घाटावरचा काळा दगड ज्वालामुखीचा. मालवणच्या अंगाला त्याच्याहून कितीतरी जुना खडक आहे. दोन्हीकडच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम नावाचा धातू असतो, पण त्याचे प्रकार वेगवेगळ्या मापात असतात. जन्माच्या रेषेनंतरचा थर शिरळवाडीचा आहे, ते आपण बघितलं. रेषेच्या आधीचा थर...”

“आजीच्या माहेरचा असेल.”

“आजीच्या पोटचा असेल तर. येसू मान्यांच्या बायकोचं, तानूबाईचं माहेर नदीपलीकडचं, तिथेही आपलाच काळा दगड. म्हणजे दोघींत गल्लत होणार नाही. पण पोटातला तो थर मुळात थोडा, त्यात तुमच्या आईने सत्तर वर्षं चावून तो झिजवलाय. उरलाय तो एकदाच वाचता येईल.”

शलाकाने सही केली. तिला एकदम आठवलं, आई चणे फार आवडीने खायची. कडकडा आवाज करत. शेवटच्या वर्षी खाता येईनात म्हणून ते भिजवून द्यायची वेळ आली, तर रुसून बसली होती.

निकाल मोबाईलवर येतो. झेबाने तो पाठवला नाही, बोलावून घेतलं.

“मालवण,” ती म्हणाली. “शंकेला जागाच नाही. तुमच्या आजीनंच नऊ महिने वाढवली.”

शलाकाने टेबलावरची रिकामी डबी हातात घेतली.

“अजून एक सांगायचंय. मूल दुधावर असलं की त्याच्या थरात बेरियम जास्त सापडतं. दूध तुटलं की ते खाली येतं. तुमच्या आईच्या दाढेत ते खाली आलेलं नाही. कवच पुरं होईस्तोवर, जवळजवळ तीन वर्षं. भूकंपाच्या दिवसांत तर वाढलंय. घाबरलेलं पोर सारखं पाजून शांत करतात ना, तसं.”

शलाकाने तोंडावर पदर धरावा तसा ओढणीचा बोळा धरला. झेबा उठून खिडकीपाशी गेली आणि उगाच पडदा नीट करत राहिली.

वहीतली नोंद बदलायची तर ज्या घराच्या नावावर ती होती त्या घरातल्या माणसाची संमती लागते. शलाका पुन्हा शिरळवाडीला गेली. हणमंतमामा त्याच बाजेवर होता. या वेळी त्याने चहा सांगितला नाही. तिने जे निघालं ते सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत.

“दातात लिवल्यालं असतंय व्हय,” तो म्हणाला. मग तिला बाजेच्या कडेला बसवून : “आई मरताना तिनं माझ्या हातात बेलभंडारा दिऊन शपथ घातली. म्हनली, हन्मा, कोंडी आपली. सरकार इचारू दे, गाव इचारू दे, ती सोता इचारू दे. भागीनं तीन पुरल्यात. तू एकदा ‘न्हाई’ म्हनलास की मरनाला समजंल, चौथी कुठं हाय ते. अन् तिची पोरंबी. भागीमावशीनंबी असाच बेलभंडारा उचललाता. म्हून ती कंदी बोलली न्हाई.”

“पण आई गेल्याचं मी सांगितलं होतं तुम्हाला. तरी तुम्ही आमचीच म्हणालात.”

“तू हाईस की अजून.”

मग त्याच्या बोलण्यातला एक शब्द तिला मागून येऊन लागला. “ती सोता इचारू दे, म्हणालात. आईनं विचारलं होतं?”

“एकदा. भागीमावशी हातरुनाला खिळल्याली, म्हून आमच्या घरात आनल्याली. कोंडी आली, पर आधी आत गेली न्हाई. हितं बसली, तू बसलीयास तिथंच. म्हनली, हन्मादादा, एकदाच खरं सांग, म्या कुनाची. म्या सांगितलं, आमचीच.” त्याने हात गुडघ्यावर ठेवले. “मग उठली अन् एस्टी गाठली.”

तो दिवस शलाकाला माहीत होता. ती सतरा वर्षांची होती. आई सकाळी बॅग भरून गेली होती, आजीजवळ आठ दिवस राहीन म्हणून, आणि दिवेलागणीला परत आली. बॅग न उघडताच कपाटावर टाकली. दोन महिन्यांनी आजी गेल्याचा फोन आला तेव्हाही आई दहाव्याला तेवढी गेली.

“भागीमावशी लई वाट बघायची,” हणमंतमामा म्हणाला. “म्या म्हनायचो, कोंडीला नोकरी हाय, सवड न्हाई.” मग त्याने शलाकाकडे सरळ पाहिलं. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर येते तशी चमक होती. “माझ्या त्या सांगन्यानं काय वाकडं झालं न्हाई न्हवं गं?”

आई त्या दिवशी दारापर्यंत आली होती. आतल्या खोलीत जिने तिला तीन वर्षं दूध पाजलं ती पडून होती आणि कान देऊन असणार. मधे एक भिंत होती आणि एका माणसाने पाळलेला शब्द. शलाकाने ते सगळं एकदा मनात म्हणून पाहिलं. आईला हे वेळेवर कळलं असतं तर? गेल्या मार्चमध्ये, अर्ज केला असता तर? आपली आई कोण हे तिला कळलं असतं, आणि त्या आईला आपण काय केलं हेही कळलं असतं. हॉस्पिटलातल्या त्या खाटेवर ते घेऊन तिने काय केलं असतं, हे शलाकाला ठरवता येईना. आपण लांबवलं ते बरं झालं, असंही तिला म्हणता येईना.

“नाही, मामा,” ती म्हणाली. “परीक्षेचे दिवस होते. आईला रजाच नव्हती.”

“तेच म्हनलं मी.” म्हाताऱ्याने श्वास सोडला. “दे, कुठं करायची सही?”

तिने टॅब पुढे धरला. त्याने बोट उचललं आणि तसंच ठेवलं.

“तुझं वय काय?”

“बावन्न.”

“लई जगायचंय तुला अजून.” त्याने टॅब जवळ ओढला. “हे क्येलं म्हंजी कोंडी भागीमावशीच्या नावावर चढंल?”

“चढेल.”

“अन् आमच्या नावावरनं उतरंल.”

“हो.”

“उतरू दे. मावशीची हुती, मावशीला मिळू दे.” त्याने वाकडीतिकडी सही केली, शेवटी एक ठिपका दिला. “पर भन माझीच. ते काय तुझ्या दाताला इचारून न्हाई.”

गाडीला तासभर अवकाश होता. शलाका फाट्यावरच्या निवाऱ्यात बसली आणि राहिलेले रकाने भरू लागली. आईचे नाव : भागीरथी श्रीपती लोहार. हे टाइप करताना एक अक्षर दोनदा पडलं, ते तिने काढलं. मुलीचे नाव, असल्यास : तिथे तिने कुमुद लिहिलं, मग पुसून कोंडाबाई लिहिलं. नोंद दुरुस्त झाल्याचे कोणास कळवावे : तिला आईचा नंबर पाठ होता. बोटांनी तो घालूनही टाकला. पडद्यावर आलं, ‘ही व्यक्ती हयात नाही. दुसरे नाव द्या.’ तिने स्वतःचं नाव दिलं.

शेवटचा रकाना होता : मूळ नोंद चुकीची होण्याचे कारण. खाली तयार पर्याय दिले होते. लेखनिकाची चूक. नावातील बदल. दत्तकविधान. अपुरी माहिती. तिने चारही वाचले, ‘इतर’वर बोट ठेवलं आणि समोरच्या मोकळ्या जागेत लिहिलं,

‘मुलगी जगावी म्हणून.’